खांदेरीवरून भांडणारे इंग्रज

2025 च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारसा म्हणून जाहीर केले, त्यांत खांदेरी आली. मनापासून आनंद झाला. पण त्या निमित्ताने झालेल्या व्याख्यानांतून एक जुनंच विधान पुन्हा कानावर येऊ लागलं : इंग्रज एकदिलाचे, आपण फुटीर, म्हणून ते जिंकले. मला हे मुळातच मान्य नाही. त्यात इंग्रजांना फुकटचा मोठेपणा मिळतो आणि शिवाजी महाराजांच्या राजकारणाचं मोल कमी होतं.

1679 चा पावसाळा सरताना शिवाजी महाराजांच्या आरमारातल्या मायनाक भंडाऱ्याच्या माणसांनी खांदेरीवर तट उभारायला घेतला. बेट मुंबई बंदराच्या तोंडावरचं. मुंबईकर इंग्रजांनी त्यावर हक्क सांगून कॅप्टन रिचर्ड केग्विनबरोबर 'रिव्हेंज' आणि काही शिबाडं धाडली. 18 ऑक्टोबरला मराठी आरमाराचा सरदार दौलतखानाशी लढाई झाली. 'डोव्हर' गुराब मराठ्यांच्या हाती लागली, पण 'रिव्हेंज'च्या तोफांपुढे मराठी आरमार नागोठण्याच्या खाडीत परतलं. इथवरची हकिगत सगळेच सांगतात.

निकाल लागला तो त्यानंतरच्या रात्रींमध्ये. थळच्या किनाऱ्यावरून लहान होड्या उथळ पाण्यातून, वल्ह्यांच्या जोरावर बेटाला दाणागोटा पोचवत राहिल्या. इंग्रजांच्या जड जहाजांना त्या अडवता येईनात, आणि खर्च चढत होता. खांदेरी गेली तर बंदर गेलं, असं मुंबईचं म्हणणं. शिवाजीशी लढणं परवडणार नाही, जहाजं मागे घ्या, तह करा, असा ईस्ट इंडिया कंपनीच्या सुरतेतल्या वरिष्ठांचा आग्रह. 1680 च्या सुरुवातीला सुरतेचंच चाललं. खांदेरी मराठ्यांकडे राहिली; मुघलांच्या बाजूच्या जंजिरेकर सिद्दीने मात्र शेजारची उंदेरी बळकावली. त्याआधी, महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वर्षी, कंपनीतर्फे नारायण शेणवी आणि हेन्री ऑक्सिंडेन रायगडावर येऊन बोलणी करून गेले होते. व्यापाऱ्याला लढाई किती दिवस परवडते, हे महाराजांनी नेमकं जोखलं होतं, असं माझं ठाम मत आहे.

केग्विनकडे आपले इतिहासलेखक फारसं वळून पाहत नाहीत, याचं मला वाईट वाटतं. खांदेरीला मराठ्यांवर तोफा डागणाऱ्या याच माणसाने 27 डिसेंबर 1683 रोजी मुंबईत बंड केलं. डेप्युटी गव्हर्नर चार्ल्स वॉर्डला कैद करून त्याने राजा दुसऱ्या चार्ल्सच्या नावाने कारभार हाती घेतला. पगारकपात हे एक कारण. दुसरं कारण सिद्दी. त्याचं आरमार पावसाळ्यात माझगावला येऊन राही, रयतेला छळी, आणि औरंगजेबाची मर्जी राखायची म्हणून सुरत ते मुकाट सोसायला लावी. केग्विनने सिद्दीला माझगाव बंद केलं आणि 1684 मध्ये थेट संभाजी महाराजांशी तह केला. सुरतेचा प्रेसिडेंट जॉन चाइल्ड स्वतः मुंबईला आला आणि हात हलवत परतला. शेवटी नोव्हेंबरात माफीच्या अटीवर केग्विनने मुंबई बेट सर टॉमस ग्रँथमच्या हवाली केलं. म्हणजे जवळपास वर्षभर कंपनीची सुरत मुघलांच्या कलाने आणि बंडातली मुंबई मराठ्यांच्या बाजूने चालली होती. याला एकदिल म्हणायचं?

चीनच्या किनाऱ्यावरही पुढे इंग्रजांत हेच झालं. 1841 मध्ये तिथला ब्रिटिश प्रतिनिधी चार्ल्स इलियटने चिनी अधिकाऱ्याशी केलेला करार लंडनला परराष्ट्रमंत्री पामर्स्टनने धुडकावला आणि त्याच्या जागी हेन्री पॉटिंजरला धाडलं.

पण मग फूट म्हणजे दुबळेपणा, हे तरी खरं का? लिहिता लिहिता मला तेही पटेनासं झालं आहे. चाइल्डने पुढे औरंगजेबाशीच युद्ध ओढवून घेतलं. 1689 मध्ये सिद्दी याकूतखान मुंबईत उतरला आणि त्याने इंग्रजांना किल्ल्यात कोंडलं. दीड लाख रुपये दंड भरून कंपनीने बादशहाची माफी मागितली. सिद्दी 1690 च्या जूनपर्यंत हलला नाही. आणि त्याच 1690 मध्ये कंपनीच्या मद्रासकरांनी जिंजीला असलेल्या छत्रपती राजारामांकडून कडलूरजवळचा किल्ला विकत घेतला; तोच पुढे फोर्ट सेंट डेव्हिड झाला. बादशहाच्या फौजा ज्या राजाच्या मागावर होत्या, त्याच्याशी हा व्यवहार. पश्चिम किनाऱ्यावर नाक घासणारी आणि पूर्व किनाऱ्यावर सौदा करणारी कंपनी एकच होती. असं ती कोणत्या कारभाराच्या बळावर करू शकली, हे आपल्या व्याख्यात्यांनी शोधायला हवं.