सणाचा आनंद आणि घरची चिंता

नाताळ जवळ आला की आमच्या खेड्यापाड्यांतील ख्रिस्ती घरांत दोन पाहुणे एकदमच येतात. एक आनंद आणि दुसरी चिंता. मुंबईपुण्यास नोकरीवर असलेले मुलगे सुटी घेऊन येतात, लेकी माहेरी येतात, भिंतींस चुना लागतो, करंज्या व शंकरपाळे तळले जातात. परंतु त्याच वेळी कापडाची उधारी, मुलांची फी आणि बांधावरून भावाभावांत पडलेली तेढ ही सर्व उंबऱ्याशी उभी असतात. तेव्हा असा प्रश्न उत्पन्न होतो की, ज्याच्या मनावर ओझे आहे त्याने सण करणे योग्य आहे काय? आत चिंता असता बाहेर हसणे हे ढोंग नव्हे काय?

सणांत शिरलेली विकृती पाहून कित्येक धर्मशील लोकांनी सणच टाकून दिला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीत प्युरिटन लोकांनी १६५९ साली असा कायदा केला की, जो कोणी काम बंद ठेवून किंवा मेजवानी करून नाताळ पाळील त्यास पाच शिलिंग दंड व्हावा. शास्त्रात या दिवसाची आज्ञा नाही, आणि लोक तो मद्यपानात व जुगारात घालवितात, असे त्यांचे म्हणणे होते. १६८१ साली तो कायदा रद्द झाला. पुढे त्याच न्यू इंग्लंडातील मंडळ्यांतून निघालेले मिशनरी १८१३ साली मुंबईस आले, आणि त्यांच्या सेवेतून उभ्या राहिलेल्या मंडळ्या आज मोठ्या हर्षाने नाताळ करितात. प्युरिटनांच्या आक्षेपाचा दुसरा भाग आम्हांसही विचार करावयास लावणारा आहे. तथापि सण बंद केल्याने चिंता बंद होत नाही. फक्त आनंद बंद होतो.

पहिला नाताळ कोणत्या घरी झाला हे पाहा. कैसर औगुस्ताची नावनिशीची आज्ञा निघालेली. नासरेथाहून बेथलेहेमापर्यंत शंभर किलोमीटरांहून अधिक वाट. मरीयेचे दिवस भरलेले. आणि उतारशाळेत जागा नाही. यांतील एकही अडचण दूर होईपर्यंत देवाने वाट पाहिली नाही. त्याने आपला पुत्र गव्हाणीतच दिला. यावरून आम्ही असे समजतो की, आनंद हा निश्चिंत मनुष्यास मिळणारा मोबदला नव्हे. तो चिंतेच्या घरी आलेले दान होय.

मग आमच्या सुटीत इतकी ओढाताण का होते? कारण काही ओझी देव येऊ देतो आणि काही आम्ही आपल्या हातांनी उचलितो. शेजाऱ्याच्या घरी नवीन वस्त्रे आली म्हणून आम्ही सावकाराच्या दारी जातो; चार दिवसांचा थाट होतो आणि हप्ता पुढच्या सुगीपर्यंत पुरतो. हा आनंद नव्हे, हे लोकांच्या डोळ्यांचे कर्ज होय. पाहुणे अंगणात बसून गप्पा करितात आणि घरची माऊली पहाटेपासून चुलीपुढे असते. उपासनेच्या वेळीही तिचे पीठ तिंबून व्हावयाचे असते. मार्थेस प्रभूने सौम्य शब्दांत समज दिली हे आम्ही वारंवार सांगतो. पण तिच्या हातची परात धरावयास कोणी उठत नाही. पुरुषांनी पाणी भरावे, मुलांनी भांडी घासावी, म्हणजे तीही प्रभूच्या चरणांजवळ बसेल.

राहिला भाऊबंदकीचा प्रश्न. वर्षाचे साचलेले बोल नेमके ताटावर निघतात, कारण सर्वजण तेव्हाच एकत्र असतात. प्रभूची शिकवण अशी आहे की, अर्पण वेदीपुढेच ठेवावे आणि प्रथम भावाशी समेट करावा. म्हणून बांधाची गोष्ट सणाच्या आधी, मंडळीतील एखाद्या वडील माणसास मध्ये घेऊन बोलावी. तेवढ्याने निकाल लागला नाही, तर पुढचा दिवस नेमावा आणि ताटावर तो विषय काढू नये. हे लपविणे नव्हे; प्रत्येक गोष्टीस तिची वेळ देणे आहे.

कित्येक घरांतील माणसे या दिवसांत ऊसतोडीस गेलेली असतात आणि मागे म्हातारी व लेकरे राहतात. उपदेशक बंधूंनी अशा घरांची आठवण ठेवावी, आणि ज्यांच्या घरी माणसांची दाटी आहे त्यांनी त्यांस आपल्या पंक्तीस बोलवावे.

आता आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर देता येते. चिंता लपवून हसणे हे ढोंग होय. चिंता देवापुढे व घरच्यांपुढे ठेवून हसणे हा विश्वास होय. यंदा नाताळाच्या आदल्या रात्री घरच्या सर्वांनी दिव्याभोवती बसावे, देणे किती आहे ते बापाने मुलांस उघड सांगावे, दुखणे काय आहे ते आईने सांगावे, सर्वांनी मिळून प्रार्थना करावी, आणि मग गीत म्हणावे. करंज्या थोड्या झाल्या तरी चालतील. ज्या घरी गव्हाणीतील बाळास जागा आहे, त्या घरी सणास काही उणे पडत नाही.