धर्मग्रंथ बंधनकारक कशाने? लॉ कॉलेजातला एक न संपलेला वाद

जानेवारी 1936 मध्ये मुंबईच्या गव्हर्न्मेंट लॉ कॉलेजच्या नियतकालिकात प्राचार्यांचा लेख आला. मुंबई इलाख्यातले कायद्याचे शिक्षण कसे सुधारावे, हा त्याचा विषय. कोणत्याही कॉलेजच्या अंकात शोभावा असाच. पण हे प्राचार्य होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. जून 1935 मध्ये त्यांनी हे पद स्वीकारले, 13 ऑक्टोबरला येवल्याच्या परिषदेत आपण हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले, आणि 1936 च्या मे महिन्यात ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ स्वतःच्या खर्चाने छापले. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाच्या परिषदेसाठी ते भाषण लिहिले होते. वेद आणि शास्त्रे यांच्या प्रामाण्यावर त्यात घातलेला घाव मंडळाला झेपला नाही आणि परिषदच रद्द झाली.

या पुस्तकाकडे बहुतेकदा समाजसुधारकाचे पुस्तक म्हणून पाहिले जाते. ते कायद्याच्या प्राध्यापकाचेही पुस्तक आहे.

त्यातला मध्यवर्ती मुद्दा न्यायशास्त्राच्या तासाला शोभेल असा आहे. नियम आणि तत्त्व यांत आंबेडकर फरक करतात. नियम काय करायचे ते सांगतो आणि करणाऱ्याचा विचार तिथेच थांबतो. तत्त्व मात्र कृतीची पारख कशी करायची ते शिकवते, म्हणून निर्णयाची जबाबदारी माणसावर राहते. जिथे ही जबाबदारी नाही तिथे धर्म नाही, असे ते म्हणतात. हिंदू ज्याला धर्म म्हणतात तो त्यांच्या मते विधिनिषेधांचा संग्रह, म्हणजे कायदाच आहे. आणि असा कायदा, की जो काल होता तोच आज आणि तोच उद्या. ज्याच्यात कधीच दुरुस्ती करता येत नाही असा कायदा कोणता वकील मान्य करील?

इथे खरा तात्त्विक प्रश्न उभा राहतो. धर्मग्रंथातले वचन माणसाला बंधनकारक होते ते कशामुळे? ते प्राचीन आहे म्हणून, अपौरुषेय आहे म्हणून, की विचाराला पटते म्हणून?

याच कॉलेजात 1917 पासून काही वर्षे आणखी एक विद्वान कायदा शिकवत होते. चिपळूणजवळ परशुराम इथे 1880 मध्ये जन्मलेले पांडुरंग वामन काणे. इंग्रजी न्यायालये हिंदूंच्या विवाहाचे आणि वारशाचे तंटे धर्मशास्त्राच्या आधारे सोडवत, त्यामुळे मिताक्षरा आणि व्यवहारमयूख हे ग्रंथ वकिलाच्या टेबलावर असावे लागत. काण्यांनी व्यवहारमयूखाचे संपादन हाती घेतले. त्याला जोडायची प्रस्तावना वाढता वाढता ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’ झाली. पहिला खंड 1930 मध्ये निघाला, पाचवा 1962 मध्ये पूर्ण झाला. एकूण साडेसहा हजारांहून अधिक पाने. पुढच्या वर्षी त्यांना भारतरत्न मिळाले.

काण्यांचे उत्तर आंबेडकरांपेक्षा वेगळ्या वाटेने जाते. त्यांनी पुराव्यानिशी दाखवले की ज्याला लोक सनातन म्हणतात ते शास्त्र सतत बदलत आले आहे. ‘कलिवर्ज्य’ हे प्रकरण त्याचे उत्तम उदाहरण. एके काळी शास्त्राने मान्य केलेल्या कितीतरी गोष्टी, नियोगापासून थोरल्या मुलाला वडिलोपार्जित मालमत्तेत जादा वाटा देण्यापर्यंत, कलियुगात वर्ज्य ठरवल्या गेल्या. मूळ वचन कोणी खोडले नाही. त्याचा अंमल थांबवला.

याज्ञवल्क्यस्मृती तर आणखी पुढे जाते: धर्म्य असले तरी जे लोकांना तिटकाऱ्याचे वाटते ते आचरू नये. कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारात याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने याच आधारावर भावंडांमधली असमान वाटणी अमान्य केली. शास्त्रात तिला आधार आहे हे त्याने नाकारले नाही. लोकांना ती सहन होत नाही, एवढे कारण त्याला पुरले. शास्त्राच्या आतच लोकांच्या विवेकाला जागा होती, हे सांगायला याहून भक्कम साक्ष कोणती हवी?

पण आंबेडकरांचा प्रश्न इथेही सुटत नाही. तिटकारा येणारे हे लोक कोण? ज्यांना देवळात प्रवेश नव्हता, पाणवठ्यावर जागा नव्हती, त्यांचा तिटकारा कधी धरला गेला? शास्त्र बदलत आले हे खरे. पण बदलाचा अधिकार कोणाच्या हातात होता, हेही तितकेच खरे. शिवाय अर्थ लावण्याचे स्वातंत्र्य दुधारी असते. उदार पंडित वचनातून समतेकडे जाणारा मार्ग काढतो, तर दुसरा पंडित त्याच वचनाने दार बंद करतो. म्हणून आंबेडकरांनी नव्या अर्थाची मागणी केली नाही. अर्थ लावून झाल्यावरही जे उरते, त्या प्रामाण्यालाच त्यांनी हात घातला.

तरीही 1949 मध्ये कायदामंत्री या नात्याने हिंदू कोड बिलाच्या बाजूने बोलताना त्यांनी घटस्फोटाच्या तरतुदीसाठी कौटिल्य आणि पराशरस्मृती यांचे दाखले दिले. यात काहींना विसंगती दिसते. ती नाही. शास्त्र काय म्हणते आणि शास्त्र का पाळावे, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. सभागृहातले विरोधक शास्त्राच्या नावाने बिल अडवत होते. त्यांच्याच प्रमाणाने त्यांना उत्तर देण्यासाठी ते प्रमाण स्वतः मानण्याची गरज नसते. दुसऱ्या प्रश्नावरचे आपले मत तसेच ठेवून आंबेडकर पहिल्या प्रश्नावर युक्तिवाद करत होते.

या बिलाच्या मागेही एक लॉ कॉलेज होते. पुण्यात 1923 मध्ये इंडियन लॉ सोसायटी आणि 1924 मध्ये तिचे लॉ कॉलेज उभे राहिले, त्याचे संस्थापक प्राचार्य जगन्नाथ रघुनाथ घारपुरे. धर्मशास्त्राचे मूळ ग्रंथ आणि त्यांची इंग्रजी भाषांतरे त्यांनी मालिकेने प्रसिद्ध केली. हेच घारपुरे 1944 च्या बी. एन. राव समितीचे सदस्य होते. या समितीने ठिकठिकाणच्या साक्षी ऐकून हिंदू संहितेचा मसुदा सिद्ध केला. ज्यांनी धर्मशास्त्राची वचने आयुष्यभर जपली, त्यांनीच ती वचने कायदेमंडळाच्या हाती सोपवायला मदत केली. ग्रंथाबद्दलचा आदर आणि ग्रंथाच्या सत्तेला दिलेला नकार एका माणसात एकत्र राहू शकतात, हे घारपुरे यांच्या कामातून दिसते.

त्याच कॉलेजातून 1926 मध्ये एलएल.बी. झालेले प्र. बा. गजेंद्रगडकर पुढे भारताचे सरन्यायाधीश झाले. जानेवारी 1966 मधला त्यांचा निकाल प्रसिद्ध आहे. अहमदाबादच्या स्वामीनारायण मंदिरातल्या सत्संगींचे म्हणणे होते की आपला पंथ हिंदू नाही, म्हणून हरिजनांना मंदिरप्रवेश देणारा कायदा आपल्याला लागू नाही. गजेंद्रगडकरांनी हिंदू धर्म म्हणजे काय याची सविस्तर चर्चा करून तो दावा फेटाळला आणि पंथाने आपल्याच संस्थापकाची शिकवण ओळखलेली नाही असे सुनावले.

निकाल न्याय्य होता. पण एखाद्या पंथाची खरी शिकवण कोणती हे न्यायाधीशाने सांगावे का? हा प्रश्न तेव्हापासून सुटलेला नाही. 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हाजी अलीच्या मजारीपर्यंत जाण्याचा स्त्रियांचा हक्क मान्य केला. 2018 मध्ये शबरीमला मंदिरातल्या स्त्रियांच्या प्रवेशाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचे चार न्यायमूर्ती एका बाजूला होते आणि इंदू मल्होत्रा दुसऱ्या. श्रद्धेच्या बाबतीत तर्कसंगतीची कसोटी न्यायालयाने लावू नये, असे मल्होत्रा यांचे म्हणणे. समतेच्या बाजूने उभे राहणाऱ्यानेही त्यांचे भिन्नमत नीट वाचावे. न्यायालय ज्या अधिकाराने आज दार उघडते, त्याच अधिकाराने उद्या ते कुणाची तरी उपासना खोटी ठरवू शकते.

हा वाद लॉ कॉलेजात नेटका चालू शकतो, कारण तिथे मूट कोर्ट असते. बाजू वाटून दिली जाते आणि स्वतःला न पटणारा पक्ष न्यायाधीशासमोर प्रामाणिकपणे मांडावा लागतो. वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांची अधिकरणपद्धती याच वळणाची आहे: आधी विषय, मग संशय, मग पूर्वपक्ष, आणि शेवटी सिद्धान्त. पूर्वपक्ष दुबळा मांडला तर सिद्धान्तालाही किंमत राहत नाही. मोकळेपणाने धर्मचर्चा करायची ही शिस्त आपल्याकडे जुनी आहे, आणि कायद्याच्या विद्यार्थ्याला ती दर वर्षी हाताळायला मिळते.

तरीही कौटुंबिक कायद्याच्या तासाला हिंदू कोड बिलातून निघालेल्या 1955 आणि 1956 च्या अधिनियमांची कलमे पाठ होतात आणि त्यांच्यामागचा हा झगडा मागे राहतो. धर्माचा विषय निघाला की भावना दुखावण्याच्या भीतीने व्याख्याने सावध होतात. परिणाम असा की ज्या प्रश्नावर विद्यार्थ्याला उद्या न्यायालयात उभे राहायचे आहे, तो त्याने वर्गात मोठ्याने विचारलेलाच नसतो.

दर 26 नोव्हेंबरला लॉ कॉलेजांत संविधान दिन होतो, उद्देशिकेचे सामूहिक वाचन होते, पाहुण्यांचे भाषण होते. प्राध्यापकांनी आणि विद्यार्थी मंडळांनी त्या दिवसातला एक तास या वादाला द्यावा. विज्ञानेश्वराचे असमान वाटणीवरचे विवेचन आणि ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मधले नियम आणि तत्त्व यांचे प्रकरण विद्यार्थ्यांच्या हाती द्यावे. चिठ्ठी टाकून बाजू वाटाव्यात. आणि ज्यांच्या घरच्यांना धर्मग्रंथांनी दार बंद केले होते त्या विद्यार्थ्यांना आधी बोलू द्यावे.