सल्ला कोणाच्या हिताचा?

डब्लिनच्या ग्राफ्टन स्ट्रीटवर ब्राऊन थॉमस हे 1849 सालापासूनचे नावाजलेले दुकान आहे. अशा मोठ्या दुकानांतून गिऱ्हाइकाला कपडे निवडून देणारी बाई असते. तिचा पगार दुकान देते. मग ती सल्ला कोणाच्या हिताचा देणार?

आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवण्यास तोरा मनाई करते (लेवीय 19:14). शेत विकायला लावून ते आपणच घ्यायचे, असा स्वार्थी सल्लाही आपल्या शास्त्र्यांनी त्यात धरला. आरशापुढे माणूस थोडा आंधळाच असतो!

परिचारिका असताना "दुखणार नाही हं" म्हणून मीही सुया टोचल्या. पण त्या खोट्यात माझा पैचाही फायदा नव्हता.

माझी भाची दुसऱ्या एका दुकानात हेच काम करते. ती म्हणाली, "मावशी, एका म्हातारीला मी सांगितले, तुमचा जुनाच कोट छान आहे, फक्त बटणे बदला."

म्हातारी खूश झाली. भाचीचे कमिशन मात्र बुडाले.