ईदनंतरची पहाट

२०२५ साली गुढीपाडवा ३० मार्चला आला आणि दुसऱ्याच दिवशी आमची ईद. शेजारच्या काकूंकडून श्रीखंड आले, आमच्याकडून त्यांच्याकडे शीरखुर्मा गेला. मग वाट्या परत करण्याच्या भानगडीत दोन्ही घरांतल्या बायका चार दिवस गुंतून पडल्या. (वाटी रिकामी परत करायची नाही, हा आमच्या खाडीकाठचा एक धर्म. तो दोन्ही घरे कसोशीने पाळतात.) पण मला सांगायचे आहे ते ईदच्या दिवसाचे नाही, त्यानंतरच्या पहाटेचे.

रमजानभर आमच्या मशिदीत पहाटेच्या नमाजाला तीन ओळी भरून उरलेली माणसे पडवीत उभी राहत. ईदच्या दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे बांग झाली. मी जागाच होतो. महिनाभर सहरीसाठी, म्हणजे रोज्याआधीच्या पहाटेच्या जेवणासाठी, उठायची सवय शरीराला लागली होती. बांग मी शेवटपर्यंत ऐकली. पहाटेच्या बांगेत एक वाक्य जादा असते. नमाज झोपेपेक्षा चांगला, असे ते सांगते. तेही ऐकले, आणि कूस बदलली.

सकाळी धाकट्याने विचारले, "बाबा, आता पहाटेचा नमाज माफ झाला का?"

मी म्हणालो, "शाळेला उशीर होतोय. दप्तर भर." मास्तराला उत्तर येत नसले, की त्याला घंटा ऐकू येऊ लागते.

प्रश्न मात्र डोक्यातून गेला नाही. आमच्या पंचांगात अधिक महिना नसतो, त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो आणि सुमारे तेहतीस वर्षांत साऱ्या ऋतूंची फेरी पुरी करतो. मी पहिला रोजा धरला तो १९९२ साली, आणि तोही मार्चमध्येच. म्हणजे माझी एक फेरी पुरी झाली. इतके रमजान झाले, आणि त्यांतले अंगी काय उरले? दर वर्षी महिनाभर मी खोटे बोलत नाही, कोणावर ओरडत नाही, पाच वेळा ईश्वरासमोर उभा राहतो. मग चंद्र दिसतो, आणि मी पुन्हा मी होतो. यांतला खरा कोण?

या प्रश्नाला आमच्याकडे दोन उत्तरे तयार असतात. एक कडक आहे. कुराणातल्या सोळाव्या सूरेत एका बाईचा दृष्टान्त येतो. मजबूत कातलेले सूत ती स्वतःच्याच हाताने उसवून टाकते. मुळात तो दृष्टान्त शपथ मोडणाऱ्यांसाठी आहे, पण ईदनंतर प्रवचनकार तो आमच्यासारख्यांसाठी काढतात, आणि तो लागतोही. दुसरे उत्तर मऊ आहे. हंजला नावाचे पैगंबरसाहेबांचे एक सहकारी एकदा स्वतःलाच ढोंगी म्हणत निघाले होते. पैगंबरांपाशी बसले की स्वर्ग-नरक डोळ्यांसमोर उभे राहत, आणि घरी बायकामुलांत, शेतीवाडीत गेले की सारे विसरायला होई. वाटेत अबू बकर भेटले; तेही म्हणाले, माझेही असेच होते. दोघे पैगंबरांकडे गेले. त्यांना उत्तर मिळाले ते असे, की माझ्यापाशी असता तसे तुम्ही सदा राहिलात तर फिरिश्ते रस्त्यात येऊन तुमचा हात हातात घेतील. पण माणसाची एक वेळ अशी असते, एक तशी.

ही गोष्ट मला फार आवडते. इतकी, की मी तिची उशी केली. हंजला रडत निघाले होते, हे मी सोयीने विसरलो होतो.

खरे म्हणजे रमजानातला माझा नेम पुष्कळसा माझा नसतोच. खाडीत भरती असली की होडी आपोआप आत येते; वल्हे नुसते हातात धरले तरी चालते. रमजानात सारे गाव जागे असते. स्वयंपाकघरात दिवा लागलेला असतो, शेजारचा दार वाजवतो, न गेलो तर चौकशी होते. ईदनंतर ओहोटी लागते आणि हातात वल्हे आहे हे तेव्हा कळते. रमजानच्या पुढच्या महिन्यात, शव्वालमध्ये, सहा ऐच्छिक रोजे सांगितले आहेत. एका सत्कृत्याचे फळ दसपट. म्हणून छत्तीस रोज्यांचे तीनशे साठ, म्हणजे वर्ष भरले, असा तो हिशेब. मी यंदा दोन केले. मग आंबे सुरू झाले.

पुढे श्रावण आला. एका सोमवारी अर्ध्या दिवसाची शाळा आटोपून मी घरी आलो. पाऊस लागला होता. बायकोने चहा दिला, एकच कप. तेवढ्यात काकू पदराखाली साबुदाण्याची खिचडी घेऊन मागच्या दाराने आल्या.

"ठेवा काकू, संध्याकाळी खाईन," ही म्हणाली. "आज माझाही आहे."

"अगं हो की! कितवा?"

"चौथा. दोन राहिले."

मी कप खाली ठेवला. बायकांचे रमजानमधले काही दिवस सुटतात. त्या दिवसांचा नमाज माफ असतो, रोजे मात्र पुढचा रमजान येण्याआधी भरून द्यायचे असतात. हे मला ठाऊक होते; म्हणजे पुस्तकात ठाऊक होते. आमच्या लग्नाला अठरा वर्षे झाली. अठरा सक अष्टोत्तरशे: मास्तर असल्यामुळे गुणाकार तिथल्या तिथे झाला. शंभरावर रोजे या घरात झाले, माझा चहा, माझा डबा, मुलांच्या पोळ्या करता करता. ते काकूंना माहीत होते, मला नव्हते. कादंबरीत मी बायकांच्या मनाचे तळ शोधतो म्हणे.

"मला का नाही सांगितलंस?"

"त्यात काय सांगायचं? राहिलेले आहेत, ते फेडायचे."

"आणि सहरी?"

"रात्रीचं थोडं झाकून ठेवते."

"मला उठवायचं."

"रोजा माझा. तुम्हाला कशाला उठवू?" मग थोड्या वेळाने म्हणाली, "उठलेच आहे तर नमाजही होतो. रोजा नसला तरी आता जाग येतेच."

मनात पहिल्याने आले ते फारसे चांगले नव्हते. तिच्यावर ते बंधन आहे, म्हणून ती करते. यात आपणहून केलेली भक्ती कुठे आली? पण बंधन तर पहाटेच्या नमाजाचे माझ्यावरही होते. मी बसलो होतो खरा कोण आणि खोटा कोण ते ठरवीत. तिला तो प्रश्न पडलेलाच दिसला नाही. सहा राहिले होते, त्यांतले दोन उरले होते, एवढेच ती जाणत होती.

संध्याकाळी सात वाजून गेल्यावर बांग झाली. हिने खजूर तोंडात टाकला, काकूंनी त्यांचा सोमवार सोडला, आणि मी मागच्या पडवीत बसून दोघींचे बोलणे ऐकत होतो. मेथी महाग झाली होती.

त्यानंतर माझ्या साधलेल्या पहाटा थोड्या आणि चुकलेल्या जास्त, हे लपवत नाही. पण त्याच आठवड्यात, गुरुवारी, अंधारात भांड्यावरचे झाकण वाजले तेव्हा मी उठून स्वयंपाकघरात गेलो. ती भात कालवीत होती. माझ्याकडे तिने एकदा पाहिले.

"पाट घ्या," म्हणाली. "बांगेला पंधरा मिनिटं आहेत. पण भात एकाचाच आहे हं."