आवडला, पण का?

‘छावा’ १४ फेब्रुवारी २०२५ रोजी पडद्यावर आला तेव्हा छत्रपती संभाजीनगरात त्याच्याकडे निव्वळ चित्रपट म्हणून पाहणे अवघडच होते. ज्या संभाजी राजांचे नाव शहराने त्याच्या दोन वर्षे आधी अधिकृतपणे घेतले, त्यांचीच ही कथा. आणि ज्याने त्यांना हालहाल करून मारले त्या औरंगजेबाची कबर इथून पंचवीसेक किलोमीटरवर, खुलताबादला. गारखेडा परिसरातल्या पुंडलिकनगरसारख्या वस्तीत, जिथे नोकरीसाठी आणि मुलांच्या शिक्षणासाठी मराठवाड्याच्या गावागावांतून आलेली माणसे स्थिरावली आहेत, तिथे या कथेशी बहुतेक घरांचे काही ना काही नाते असते. अशा ठिकाणी चित्रपटाविषयी मोकळेपणाने बोलणे पुण्या-मुंबईपेक्षा कठीण जाते, म्हणूनच तो विषय इथून काढला पाहिजे. माझे म्हणणे असे की चित्रपटाविषयीचे मत पडद्यावरच्या एखाद्या गोष्टीवर बोट ठेवते आणि ऐकणाऱ्याला ‘मला तसे दिसले नाही’ असे म्हणायला जागा देते, तेव्हाच ते मत या नावाला पात्र ठरते. मतांची संख्या दिवसेंदिवस वाढते आहे आणि ही जागा आकसत चालली आहे.

‘छावा’ची चर्चा कोणत्या वाटेने गेली ते आठवून पाहावे. चित्रपट यायच्या आधीच, जानेवारीत, ट्रेलरमधल्या लेझीमवरून वाद पेटला. संभाजी महाराज आणि त्यांच्या पत्नी येसूबाई लेझीम खेळताना दाखवले होते, ते अनेकांना रुचले नाही. दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर राज ठाकरे यांना भेटले आणि ते दृश्य काढून टाकले गेले. प्रदर्शनानंतर गणोजी आणि कान्होजी शिर्के यांच्या चित्रणावर शिर्के घराण्याच्या वंशजांनी आक्षेप घेतला, उतेकरांनी दिलगिरी व्यक्त केली. मग औरंगजेबाची कबर हटवण्याचा विषय तापला, १७ मार्चला नागपुरात हिंसाचार झाला आणि दुसऱ्याच दिवशी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधिमंडळात सांगितले की या चित्रपटामुळे औरंगजेबाविषयीचा लोकांच्या मनातला राग पुन्हा जागा झाला. एका चित्रपटाने तीन महिने महाराष्ट्राचे सार्वजनिक बोलणे व्यापून टाकले. त्यात चित्रपटाविषयीचे बोलणे किती होते? लेझीमचे दृश्य कथेत कुठे येते, त्याआधी काय घडते, त्यानंतर काय, हे कुणालाही ठाऊक नसताना त्याचा निकाल लागला. ट्रेलरमधली काही क्षणांची झलक पाहून तयार झालेल्या मतापुढे पूर्ण दृश्य हरले आणि प्रेक्षकाला ते पाहून स्वतः ठरवण्याची संधीच उरली नाही.

यावर सरळ उत्तर मिळते की राजांचा प्रश्न आला की कलेची चिकित्सा बाजूला ठेवावी, इथे श्रद्धा आहे. या म्हणण्यामागची भावना खोटी नाही. चित्रपटगृहात जी माणसे रडली ती मनापासून रडली आणि त्या अश्रूंना हिणवणाऱ्या समीक्षेशी मला काही देणेघेणे नाही. पण श्रद्धा खरी असेल तर ती चित्रपटाला जास्त कठोर प्रश्न विचारते. संस्कृतात ‘बुधभूषण’ लिहिणाऱ्या राजाला तलवारीच्या मानाने पडद्यावर किती वेळ मिळाला? अक्षय खन्नांचा औरंगजेब हळू आवाजात बोलतो आणि विकी कौशल यांचा संभाजी बहुतेक वेळ गर्जना करतो, या मांडणीमुळे शेवटी लक्षात कोणाचे मौन राहते? छळाच्या प्रसंगांवर कॅमेरा इतका वेळ रेंगाळतो तेव्हा आपल्याला राजांचे धैर्य दिसते की जखमा? ए. आर. रहमान यांचे संगीत सतराव्या शतकातल्या मराठी मुलुखाचे वाटते का? यातला एकही प्रश्न राजांवर बोट ठेवत नाही, प्रत्येक प्रश्न चित्रपटकर्त्यांवर बोट ठेवतो. शिवाजी सावंतांची कादंबरी, तिच्यावर बेतलेला हा चित्रपट आणि इतिहासातले शंभूराजे हे तिन्ही वेगळे आहेत. एकाविषयी बोललेले दुसऱ्याला लागते असे आपण धरून चाललो, तर यापुढे इतिहासावरचा कोणताही सामान्य चित्रपट थोर नावाच्या आड सहज लपून जाईल.

याच तारखेला, अकरा वर्षे आधी, १४ फेब्रुवारी २०१४ रोजी नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ प्रदर्शित झाला होता. त्यातला डुक्कर पकडण्याचा प्रसंग नीट पाहावा. जब्या या शाळकरी मुलाचे कुटुंब डुकरामागे धावते आहे, शाळेतली मुले भिंतीआडून बघून हसताहेत, डुक्कर हाताशी येते आणि नेमके तेव्हाच शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. सगळे जागच्या जागी उभे राहतात. डुक्कर उभे राहत नाही, ते निघून जाते. पुढे मारलेले डुक्कर बांबूला बांधून जब्या आणि घरचे ते खांद्यावरून नेतात, तेव्हा मागच्या भिंतीवर फुले-आंबेडकर आदींची चित्रे आहेत. संवाद नाही, भाषण नाही. आणि शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेने, म्हणजे आपल्या दिशेने येतो आणि पडदा काळा होतो. हा चित्रपट ‘जातीवरचा आहे’ असे म्हणून थांबणारा आणि ‘मुद्दाम जात काढतो’ असे म्हणून थांबणारा, हे दोघेही दगडापर्यंत पोचलेले नसतात. दगड आपल्याकडेच का फेकला, आपण तर त्याच्या बाजूने होतो, असा प्रश्न ज्याला पडला आणि ज्याने तो शेजारच्याला विचारला, त्याने चित्रपट पाहिला. दोन वर्षांनी आलेल्या ‘सैराट’च्या शेवटी सगळा आवाज काढून घेतलेला आहे आणि लहान मूल रक्ताची पावले उमटवत बाहेर चालत जाते. ‘शेवट असा नको होता’ हे त्या वेळी घरोघरी ऐकू आलेले मत होते. तिथून खरे तर बोलणे सुरू व्हायला हवे होते: नको होता म्हणजे खोटा वाटला, की खरा वाटला म्हणून सोसला नाही? हे दोन प्रश्न एकमेकांपासून फार लांब आहेत.

आता चित्रपटगृहाच्या दारातच माईक पुढे येतो. ‘पब्लिक रिव्ह्यू’ नावाच्या या प्रकारात प्रेक्षकाला बोलायला काही सेकंद मिळतात, त्यात ‘पैसा वसूल’ आणि ‘डोक्याला ताप’ यापलीकडे काही बसत नाही. त्याच्या जोडीला चांदण्या आणि टक्केवारी. निर्मात्यांना या झटपट निकालांची इतकी धास्ती आहे की प्रकरण न्यायालयांपर्यंत गेले. केरळ उच्च न्यायालयात २०२३ साली पैसे घेऊन वाईट बोलणाऱ्यांविरुद्धचे प्रकरण आले, तेव्हा न्यायमित्राने आपल्या अहवालात सुचवले की प्रदर्शनानंतर ४८ तास समीक्षा टाळावी. तमिळ निर्मात्यांनी पहिल्या तीन दिवसांसाठी बंदी मागितली, मद्रास उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये ती द्यायला नकार दिला. नकार योग्यच होता. खंडणी मागणाऱ्यासाठी कायदे आहेत, मत मांडणाऱ्याचे तोंड ४८ मिनिटेही बंद करता कामा नये. पण निर्मात्यांची एक तक्रार रास्त आहे. त्यांचे नुकसान कठोर समीक्षेने होत नाही, कारण न सांगता दिलेल्या निकालाने होते. कारण दिले असते तर ते तपासता आले असते.

पहिल्या आठवड्याचा निकाल किती चुकू शकतो याचे ठळक उदाहरण गुरू दत्त यांचा ‘कागज के फूल’. १९५९ मध्ये तो आला आणि पडला, आणि गुरू दत्त यांनी त्यानंतर दिग्दर्शक म्हणून आपले नाव कधी लावले नाही. त्या वेळी लोकांना तो रडका आणि संथ वाटला, आणि ते त्यांचे खरे मत होते. १९८५ साली अरुण खोपकरांचे ‘गुरू दत्त: तीन अंकी शोकांतिका’ मराठीत आले. या पुस्तकाने गुरू दत्त यांना नुसते मोठे म्हटले नाही. छाया-प्रकाश, कॅमेऱ्याची हालचाल, गाण्यांची मांडणी अशी एकेक गोष्ट घेऊन तिच्यातून अर्थ कसा उभा राहतो ते दाखवले. ‘कागज के फूल’मधला रिकाम्या स्टुडिओत उंचावरून तिरका उतरणारा उजेडाचा झोत छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी आरशांच्या साहाय्याने सूर्यप्रकाश आत घेऊन मिळवला होता. ती धूळभरल्या प्रकाशाची तिरीप आणि तिच्या दोन बाजूंना उभी असलेली, एकमेकांकडे येऊ न शकणारी दोन माणसे डोळ्यांसमोर आणून दिली की चित्रपट न आवडलेल्यालाही तो पुन्हा पाहावासा वाटतो. पुन्हा पाहून तो परत ‘नाही आवडला’ म्हणाला तरी काही बिघडत नाही. आता त्याच्याजवळ कारण असेल.

पूर्वी सगळे चांगले होते असे मला म्हणायचे नाही. बाबूराव पटेल या मराठी माणसाने १९३५ मध्ये मुंबईतून ‘फिल्मइंडिया’ हे इंग्रजी मासिक सुरू केले. त्यांच्या लेखणीची निर्मात्यांना आणि नटनट्यांना दहशत होती, वाचकांच्या पत्रांना ते देत ती झणझणीत उत्तरे वाचण्यासाठीच लोक अंक घेत. त्यात हुशारी होती, धाडस होते. पण चित्रपट मागे पडायचा आणि पटेलच पुढे यायचे. आज मोबाइलसमोर बसून तावातावाने चित्रपटाची सालटी काढणारे त्याच घराण्याचे वारस आहेत. शिवाय छापील समीक्षेची सूत्रे मुंबई-पुण्याच्या मोजक्या हातांत होती. अंजली, सादिया, मोहन, अंबा-अप्सरा या इथल्या टॉकीजमध्ये तिकीट काढून बसलेल्या प्रेक्षकाला काय वाटले याची नोंद कुणी ठेवली नाही. म्हणून कुणी म्हणेल की आता पुंडलिकनगरातली कॉलेजात जाणारी मुलगीही आपले मत हजारो लोकांपुढे ठेवू शकते, ही लोकशाही आहे, तुम्हाला पुन्हा पंडितांचे राज्य हवे आहे का? मुळीच नको. या मुलीला मिळालेला आवाज ही मोठीच कमाई आहे. अडचण अशी की त्या आवाजाला प्रतिसाद म्हणून पसंतीचा अंगठा मिळतो किंवा शिवी मिळते. ‘तू म्हणतेस तो प्रसंग मी असा पाहिला’ असे म्हणणारा माणूस समोर मिळत नाही. पंडितांचे राज्य गेले ते बरे झाले, पण त्यांच्याजवळची एक सवय, दाखला देऊन बोलण्याची, ती सगळ्यांची व्हायला हवी होती.

दाखला देऊन बोलण्याची परंपरा या शहराला परकी नाही. प्रा. गंगाधर पानतावणे यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस इथूनच ‘अस्मितादर्श’ सुरू केले. दलित लेखकांनी लिहिले, त्या लेखनावर इतरांनी लिहिले, मतभेद छापले गेले, मेळाव्यांत लेखक आणि वाचक समोरासमोर बसले. मुंबई-पुण्याच्या मान्यतेची वाट न पाहता तेव्हाच्या औरंगाबादने साहित्याची एक नवी कसोटी उभी केली. चित्रपटाच्या बाबतीत असे काही इथे घडले नाही. देशात फिल्म सोसायट्यांची चळवळ १९४७ च्या कलकत्ता फिल्म सोसायटीपासून जोर धरू लागली, सत्यजित राय तिच्या संस्थापकांपैकी एक. मुंबईत १९६८ मध्ये प्रभात चित्र मंडळ निघाले आणि त्यांच्या ‘वास्तव रूपवाणी’ने मराठीत गंभीर चित्रपटलेखनाला घर दिले. पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये सतीश बहादूर यांनी चित्रपट शॉटगणिक वाचायला शिकवले. मराठवाड्यात हे वारे उशिरा आले. गेल्या दशकापासून अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो, त्याला तरुणांची गर्दी होते, ही मोठी गोष्ट आहे. पण महोत्सव चार-पाच दिवसांचा असतो. उरलेल्या वर्षभरात तिथे पाहिलेल्याविषयी बोलायला जागा लागते, आणि ती घराजवळ असली तरच माणसे जातात.

म्हणून वस्तीचे प्रमाण मला योग्य वाटते. पुंडलिकनगर आणि आसपास गणेश मंडळे आहेत, अभ्यासिका आहेत, मंदिरांची सभागृहे आहेत, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले आहेत. महिन्यातून एक संध्याकाळ, एक चित्रपट आणि त्यानंतर तासभर बोलणे, एवढ्यासाठी मोठा निधी लागत नाही. हक्क ज्याच्याकडे आहेत त्याची रीतसर परवानगी मात्र घ्यावी. चोरून दाखवलेल्या चित्रपटावर प्रामाणिक चर्चा कशी करणार? राजकारण शिरेल, भांडणे होतील, अशी भीती घालणारे भेटतील. भांडणे होतीलच. एकमेकांना ओळखणारी, उद्या किराणा दुकानात पुन्हा भेटणारी माणसे भांडतात तेव्हा जीभ थोडी सांभाळतात, आणि समोरच्याचे घर, जात, पक्ष माहीत असूनही त्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेण्याचा सराव त्यांना होतो. नियम एकच असावा: आवडला किंवा नाही आवडला असे कुणी म्हटले की सगळ्यांनी मिळून ‘कोणता प्रसंग?’ असे विचारायचे. पहिल्या वर्षी ‘फँड्री’ आणि ‘छावा’ दोन्ही लावावेत. दोन्ही पाहणारे आणि दोन्हींविषयी सारख्याच मोकळेपणाने बोलणारे दहा-पंधरा जण जमले तरी पुरेसे आहेत. मंडळांच्या कार्यकर्त्यांनी आणि अभ्यासिका चालवणाऱ्यांनी हे मनावर घ्यावे, आणि दिवाळीची गडबड संपली की पहिली तारीख ठरवून टाकावी.