कमरेवर दोन हात

आष्ट्याच्या शिवारात भांगलण चालू असताना बांधावर थोडा वेळ उभं राहून बघावं. बायका उसाच्या सरीत ओळीनं बसलेल्या असतात. खुरपं चालू असतं, बोलणंही चालू असतं. सरी संपून बांध आला की एकेक जण उठते. आधी एक हात गुडघ्यावर जातो, मग दुसरा, आणि अंग टप्प्याटप्प्यानं वर येतं. ताठ झाल्यावर ती दोन्ही तळवे कमरेवर टेकवते, हनुवटी थोडी वर करते आणि सावकाश मागं झुकते. क्षणभर तशीच राहते. तोंडातून "आई गं" निघतं. मग पदर खोचून ती पुढची सरी धरते.

हे तिला कुणी शिकवलेलं नसतं, पण जुन्या कंबरदुखीवर जगभर जे व्यायाम शिकवतात त्यातला एक नेमका हाच आहे. न्यूझीलंडमधले फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेंझी यांना तो १९५६ साली योगायोगानं सापडला. वेलिंग्टनच्या त्यांच्या दवाखान्यात एका रुग्णाला पालथं झोपून राहायला सांगितलं होतं. आधीच्या रुग्णासाठी टेबलाची डोक्याकडची बाजू उचललेली होती, ती तशीच राहिली आणि हा माणूस कमरेतून मागं वाकलेल्या अवस्थेत बराच वेळ पडून राहिला. मॅकेंझी परत आले तेव्हा त्याचं पायात उतरणारं दुखणं हटलेलं होतं. त्या काळच्या समजुतीप्रमाणे असं झोपणं घातकच ठरायला हवं होतं. मॅकेंझींनी त्या घटनेचा पिच्छा सोडला नाही आणि पुढं त्यातूनच त्यांची उपचारपद्धती उभी राहिली.

आपल्याकडं कंबरदुखीची गोष्ट निघाली आणि कुणी व्यायामाचं नाव काढलं की उत्तर ठरलेलं असतं. "दिसभर रानातच असतोय की, आणि येगळा व्यायाम कशाला?" या प्रश्नात उद्धटपणा नाही, दमलेल्या माणसाचा तो खरा प्रश्न आहे आणि त्याला खरंच उत्तर द्यायला हवं. उत्तर असं की, राबणं वेगळं आणि व्यायाम वेगळा. राबताना शरीर एकाच दिशेला वाकतं आणि तासन्‌तास तिथंच राहतं. भांगलण, ऊसतोड, धार काढणं, शेण भरणं, धुणं, फरशी पुसणं या सगळ्यांची दिशा एकच आहे, पुढं. पाठीचे स्नायू ताणलेले राहतात, जांघेतले आखडतात, आणि मणक्यांमधल्या चकत्यांवर पुढच्या बाजूनं दाब पडत राहतो. मोठ्या माणसाच्या चकतीला स्वतःचा असा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. तिचं पोषण आजूबाजूनं झिरपून होतं आणि त्याला हालचालीची मदत होते. म्हणून दिवसभर पुढं वाकलेल्या पाठीला विश्रांतीइतकीच उलट्या दिशेची हालचाल लागते.

पलूस-तासगावकडच्या द्राक्षबागेत हेच गणित उलटं होतं. तिथं मंडपाखाली उभं राहून हात वर, मान मागं टाकून दिवसभर घडांची विरळणी चालते. त्या बाईला पुन्हा मागं झुकायला सांगणं म्हणजे दुखण्यात भर घालणं. तिनं घरी आल्यावर उताणं पडून गुडघे छातीशी घ्यावेत, मान पुढं सैल सोडावी. एकाच गावातल्या दोघींना एकच कागद छापून देता येत नाही तो यामुळंच. आपलं काम आपल्याला कुठल्या बाजूला वाकवतं, हे आधी बघायचं.

ही दिशांची जाण आपल्या मातीत जुनी आहे. औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा ध्यास घेतला होता. स्वतः रोज घालायचे आणि संस्थानातल्या शाळांतही त्यांनी ते सक्तीचे केले. आपल्या कृष्णेपलीकडचं कुंडल त्यांच्याच संस्थानात होतं. १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली तीही त्यांनी दिलेल्या माळरानावर. नमस्काराची रचना पाहिली तर शरीर एकदा पुढं घडी होतं, एकदा मागं कमान होतं, पुन्हा पुढं, पुन्हा मागं. बायकांनीही नमस्कार घालावेत असा पंतांचा आग्रह होता, हे मला त्यांच्या सगळ्या कामात मोठं वाटतं. तो आग्रह आपल्या घरापर्यंत पोचला नाही. नमस्कार शाळेच्या मैदानावर आणि तालमीत राहिले. अर्थात, ज्याची कंबर आधीच धरलेली आहे त्यानं एकदम बारा नमस्कारांवर जाऊ नये. ताठ गुडघ्यांनी जमिनीला हात लावणं दुखऱ्या पाठीला सोसत नाही.

दुखऱ्या शरीराला आसनात टेकू द्यायचा विचार ज्यांनी केला ते बी. के. एस. अय्यंगार. जन्म १९१८ चा, कर्नाटकातल्या बेल्लूरचा, लहानपण आजारपणात गेलेलं. १९३७ साली ते योग शिकवायला पुण्यात आले आणि पुण्याचेच झाले. ज्याला वाकता येत नाही त्याला आसन करता येत नाही, ही अट त्यांनी मोडली. खुर्ची, दोर, पट्टा, लाकडी ठोकळा, घडी केलेली घोंगडी, भिंत अशा साध्या वस्तूंचा आधार देऊन त्यांनी ताठरलेली, म्हातारी, जखमी शरीरं आसनात बसवली. १९७९ मध्ये अपघातांत त्यांच्या स्वतःच्याच पाठीला मार बसला, तेव्हा याच साधनांनी त्यांना परत उभं केलं. पुण्यात १९७५ साली सुरू झालेल्या त्यांच्या संस्थेत भिंतीला दोर लावलेले आहेत आणि साध्या घडीच्या खुर्च्या वापरात आहेत.

हे मुद्दाम सांगतोय, कारण 'घरी वापरायचं साधन' म्हटलं की आता मोबाइलवर डोकं खाली लटकवायचं टेबल, थरथरणारा पट्टा, मालिशची खुर्ची असं काय काय दिसतं आणि पोरं आईबापाच्या काळजीनं ते मागवतात. काळजी खरी असते. पण जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीवर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात व्यायाम, दुखण्याची नीट समजूत, मालिश यांच्या बाजूनं कौल दिला आणि कमरेचे पट्टे व वजन लावून ओढ देणं यांची नियमित उपचार म्हणून शिफारस केली नाही. आपल्याकडं तर पट्टा म्हणजे कंबरदुखीचा गणवेश झाला आहे. गादीचंही तसंच. 'कडक फळीवर झोपा' हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, पण स्पेनमध्ये ३१३ रुग्णांवर झालेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना जास्त आराम पडला. फळीवर एक चांगली जाड वाकळ अंथरली तर नवीन गादीचे पैसे बऱ्याच घरांत वाचतील. उलटं लटकवणाऱ्या टेबलाबद्दल तर स्पष्ट सांगतो, रक्तदाब किंवा काचबिंदू असलेल्या माणसाला ते धोक्याचं आहे. म्हाताऱ्या वडिलांसाठी ते घेऊच नये.

घरात काय आहे ते बघा. वाकळ आहे, भिंत आहे, प्लास्टिकची खुर्ची आहे, जुना पंचा आहे, रबराची गरम पाण्याची पिशवी आहे. एवढ्यावर भागतं. संध्याकाळी वाकळेवर पालथं पडावं, नुसतं पडून राहावं, श्वास सैल सोडावा. बरं वाटलं तर कोपरांवर छाती उचलावी. तेही सोसलं तर तळहात टेकून वर यावं, कंबर मात्र खालीच सैल राहू द्यावी, आणि असं आठ-दहा वेळा सावकाश करावं. मग उताणं होऊन पंचा तळपायात अडकवायचा आणि पाय सरळ ठेवून वर ओढायचा, मांडीची मागची बाजू ताणली जाईल इतकाच. एक गुडघा वाकळेवर टेकून दुसरा पाय पुढं टाकला आणि कंबर पुढं ढकलली की जांघेतली आखडलेली बाजू सुटते. खाली बसून कामं करणाऱ्याला याची फार गरज असते. पुढं काही दिवसांनी हातापायांवर ओणवं होऊन एक हात आणि विरुद्ध पाय लांब करायला शिकावं, त्यानं पाठीला बळ येतं. शेवटी पिंढऱ्या खुर्चीवर ठेवून उताणं पडावं, कमरेखाली शेक घ्यावा.

यात एक खूण ओळखायला शिकावं. पायात उतरलेलं दुखणं एखाद्या हालचालीनं वर सरकून कमरेत येत असेल तर ती हालचाल तुमच्या कामाची आहे, कमरेत तात्पुरतं थोडं जास्त दुखलं तरी. दुखणं किंवा मुंग्या कमरेतून आणखी खाली पायात उतरत असतील तर ती तिथंच थांबवावी. ज्या वयस्कांना चालताना पाय भरून येतात आणि खाली बसलं, पुढं झुकलं की बरं वाटतं, त्यांना मागं झुकण्याचे व्यायाम सहसा मानवत नाहीत.

योगासनंच हवीत की साधे ताण चालतील, असंही विचारतात. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात २२८ माणसांवर हे पाहिलं गेलं, निष्कर्ष २०११ साली आले. योगवर्ग आणि साध्या ताणाच्या व्यायामाचा वर्ग, दोन्हींचा फायदा सारखाच निघाला. नुसतं पुस्तक हातात दिलेल्यांना मात्र तेवढा झाला नाही. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे की, वर्गाला माणसं येत होती, कुणीतरी बरोबर होतं आणि आठवड्यामागून आठवडे ते चालू राहिलं.

सांगली-मिरजेला जाऊन एमआरआय काढून आणलेला कागद घरात मोठी भीती पसरवतो. 'चकती झिजली', 'गादी सरकली' हे शब्द ऐकल्यावर माणूस वाकायलाच घाबरतो आणि न वाकल्यामुळं आणखी आखडतो. ज्यांना काहीही दुखत नाही अशा लोकांचे फोटो तपासले तेव्हा विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत चकत्यांची झीज दिसली होती. केस पांढरे होतात तशी ती होते. कागदावरची झीज आणि तुमचं दुखणं यांचा संबंध असेलच असं नाही, तो डॉक्टरांनी तपासून सांगायचा.

पण काही वेळा वाकळ गुंडाळून ताबडतोब दवाखाना गाठायचा असतो. लघवी अडली किंवा आपोआप होऊ लागली, बसायच्या जागेला बधिरपणा आला, पायातलं बळ गेलं, तर ती रात्र घरी काढू नये. पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतही न थांबणारी कळ, पूर्वी झालेला कर्करोग, यांतलं काही असेल तर आधी तपासणी. आपल्या देशात मणक्याचा क्षयही होतो आणि तो सुरुवातीला साध्या कंबरदुखीसारखाच वाटतो. अशा वेळी उसण भरली म्हणून पायाळू माणसाकडून कमरेवर लाथा मारून घेणं जिवावर बेतू शकतं. म्हाताऱ्या बाईचे मणके ठिसूळ झालेले असतील तर तेवढ्या धक्क्यानंही मोडतात.

हे सगळं लिहिताना माझ्यासमोर खरी अडचण वेगळीच आहे. वाकळ आहे, खुर्ची आहे, पंचा आहे, दहा मिनिटं मात्र नाहीत. ऊसतोड करणाऱ्या जोडप्याला तर नाहीतच. पहाटे फडात उतरायचं, दिवसभर ओणवं होऊन तोडायचं, मग मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीवर चढवायची आणि रात्री पालापुढं पुन्हा चुलीशी वाकायचं. त्यांना व्यायामाचा उपदेश करायला माझी जीभ रेटत नाही. त्यांच्या डोक्यावरचा भार कमी करणं हे मुकादमाचं, कारखान्याचं आणि आपलं काम आहे.

आपल्या घरात मात्र आपल्याला बरंच करता येतं. रानातून बाई आणि पुरुष एकाच वेळी परततात. पुरुष पाय धुऊन कॉटवर टेकतो आणि ती वैरण टाकते, धार काढते, भाकरी थापते. तिची कंबर दुखते हे सगळ्या घराला माहीत असतं, इतकं की ते आता कुणाला ऐकूही येत नाही. म्हणून ही विनंती घरातल्या पुरुषांना आणि मोठ्या पोरांना आहे. सायकल कोळपं घ्या म्हणजे काही भांगलण उभ्यानं होईल. धारेला बसायला उंच पाट करा. ओटा बुटका असेल तर शेगडीखाली विटा लावून ती पक्की बसवा. आणि आज संध्याकाळी धार तुम्ही काढा. तेवढ्या वेळात आईला, बायकोला, वहिनीला आतल्या खोलीत वाकळ अंथरून द्या, दार लोटून घ्या आणि तिला हाक मारू नका.