दवाखान्याच्या दारातला मालक

परळच्या बाई साकरबाई दिनशा पेटिट इस्पितळाला त्याच्या पुऱ्या नावाने ओळखणारी माणसे मुंबईतही थोडी. मग बंदरापलीकडच्या आमच्या किनाऱ्यावर ती कोठून असणार? रेवसला लाँच धरून भाऊच्या धक्क्यावर उतरायचे, टोपलीतले मांजर किंवा दोरीला बांधलेले कुत्रे सांभाळीत ‘बैलघोडा हॉस्पिटल’ एवढे दोन शब्द उच्चारायचे, की टॅक्सीवाला पुढचे सारे समजून घेतो. अलिबागेत जिल्ह्याचे सरकारी पशुचिकित्सालय आहे, तालुक्यांतून जिल्हा परिषदेचे दवाखाने आहेत. परंतु त्यांची घडण गाय, बैल, म्हैस आणि शेळी यांच्याकरिता झालेली असल्यामुळे, घरात वावरणाऱ्या लहान जनावराचे दुखणे जरा गुंतागुंतीचे झाले, की या किनाऱ्यावरच्या माणसाची नजर अजूनही धर्मादाय संस्थांनी चालविलेल्या अल्पदरातील दवाखान्यांकडे वळते. अशा दवाखान्यांतून परतलेल्या माणसांची बोलणी मी अनेक वर्षे ऐकत आलो आहे. त्यांत कृतज्ञता असते आणि तक्रारही असते. आणि आश्चर्य हे की पुष्कळदा दोन्ही एकाच माणसाच्या तोंडी असतात. जनावर वाचले, पैसेही बेताचे लागले, असे सांगून झाल्यावर तोच माणूस क्षणभर थांबून म्हणतो, ‘पण तिथं आपल्याला कोणी विचारीत नाही हो.’

हे न विचारणे कोठून आले असावे, याचा शोध घेऊ लागले म्हणजे तेथील डॉक्टरांच्या स्वभावापाशी न थांबता त्या संस्थांच्या जन्मकथेपर्यंत जावे लागते. १८३२ साली मुंबईत सरकारने बेवारस कुत्री मारण्याचा हुकूम काढला, त्यावरून पारशी समाज खवळून उठला, दंगा झाला, आणि त्या प्रकरणाचे पर्यवसान म्हणून १८३४ साली सर जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने भुलेश्वरचा पांजरापोळ उभा राहिला. ज्याला कोणी वाली नाही अशा जनावराचा सांभाळ, हा त्या संस्थेचा हेतू. तेव्हा तिच्या दारात मालक नावाचा माणूस येण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे चाळीस वर्षांनी, १८७४ साली, प्राण्यांवरील क्रौर्याच्या निवारणाकरिता मुंबईत मंडळी स्थापन झाली, आणि १८८३ साली सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या औदार्यातून तिचे इस्पितळ परळला निघाले. मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली तेही १८७४ सालीच. त्या काळच्या शहराचा सारा भार बैलांच्या मानेवर आणि घोड्यांच्या पाठीवर होता. खांद्याला जखम झालेला बैल किंवा लंगडणारा घोडा जुंपलेला आढळला, की जनावर इस्पितळात आणि गाडीवान कचेरीत, असा दस्तूर पडला. प्राण्यांवरील क्रौर्याला प्रतिबंध करणाऱ्या १९६०च्या कायद्यानेही तोच दस्तूर कायम ठेवला: दंडाधिकाऱ्याने आजारी जनावर शुश्रूषागृहात किंवा पांजरापोळात पाठवावे आणि तेथील खर्च मालकाकडून वसूल करावा, अशी तरतूद त्यात आहे.

तेव्हा दयेच्या या दोन परंपरांपैकी एकीत मालक मुळी नव्हताच, आणि दुसरीत तो होता तो आरोपी म्हणून. ज्याने जनावराला छळलेले नाही, टाकूनही दिलेले नाही, परंतु ज्याच्या कनवटीला खासगी डॉक्टरची फी नाही, असा तिसरा माणूस स्वतःच्या पायांनी आपले जनावर घेऊन दारात उभा राहील, ही गोष्ट त्या संस्थांच्या संस्थापकांच्या फारशी ध्यानी आली नसावी. आजच्या आश्रयस्थानांना जोडलेले दवाखाने या दोन्ही घराण्यांचे वारस आहेत. इमारत नवी असते, यंत्रे नवी असतात, तरुण डॉक्टर पदवी घेऊन आलेले असतात. पण या तिसऱ्या माणसाला बसायला कोठे सांगावे हे अद्याप पुरते ठरलेले नसते.

याचा सर्वांत ठळक पुरावा म्हणजे एक प्रश्न. तो असा: ‘इतके दिवस काय करीत होता?’ अल्पदरातील दवाखान्यात जाऊन आलेल्या शंभर माणसांना विचारावे, त्यांतील बहुतेकांनी तो कधी ना कधी ऐकलेला निघेल. पावसाळ्यात कुत्र्याच्या कानामागे लहानशी जखम होते, तिच्यावर माशी बसते, दोन दिवसांत अळ्या पडतात. घरातली म्हातारी प्रथम करंजेल लावते, मग कोणी सीताफळाचा पाला वाटून भरायला सांगतो, आणि जखम आत पोखरत गेली, वास सुटला, कुत्रे डोके भिंतीवर घासू लागले, म्हणजे मालक रिक्षावाल्याची मिनतवारी करून दवाखाना गाठतो. तेथे हा प्रश्न त्याची वाट पाहत असतो. डॉक्टरच्या बाजूने पाहिले तर प्रश्न अगदीच अन्यायाचा नाही. सकाळपासून त्याने चिमट्याने अळ्या काढण्याचेच काम केलेले असते, आणि वेळेवर आणले असते तर दोन मिनिटांत आटोपले असते हे त्याला दिसत असते. परंतु मालकापाशी त्या प्रश्नाचे उत्तर असते, आणि ते ऐकायला कोणाला सवड नसते. कोळीण असेल तर एक दिवस बाजार बुडाला म्हणजे म्हावऱ्याचा एक दिवस गेला. पावसाळी मासेमारीबंदी असेल तर दिवस आहे पण पैसा नाही. मांडव्याच्या पर्यटक बोटी बंद असतात, आणि एस.टी.त ओल्या जखमेचे कुत्रे कंडक्टर घेत नाही. दवाखान्याची फी थोडी असली तरी दवाखान्यापर्यंत पोचण्याचा खर्च थोडा नसतो, ही गोष्ट दरपत्रकावर कोठेच लिहिलेली नसते. त्या प्रश्नाने माणूस ओशाळतो; आणि ओशाळलेला माणूस पुढच्या वेळी लवकर येत नाही, आणखी उशिरा येतो. म्हणजे ज्या हलगर्जीपणावर तो प्रश्न शस्त्र म्हणून उगारलेला असतो, त्यालाच तो खतपाणी घालतो.

दरवर्षी ६ जुलैला सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांतून कुत्र्यांना रेबीजची लस मोफत टोचतात. लुई पाश्चरने १८८५ साली याच तारखेला पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या एका मुलाला पहिल्याने लस दिली, म्हणून हा दिवस मुक्रर झाला. पाश्चरला कोकणच्या पावसाची कल्पना नव्हती, हे मात्र खरे. अशाच एका सकाळी पागोळ्यांखाली लागलेल्या रांगेत मी एका कोळणीला पाहिले. कुत्र्यांच्या त्या रांगेत ती मासळीच्या पाटीत मांजर घेऊन उभी होती; पाटीवर दुसरी पाटी पालथी घालून सुतळीने आवळलेली, आणि आतून अखंड गुरगुर चाललेली. मांजराच्या ओठात गळ रुतला होता. नोंद करणाऱ्या मुलाने मान वर न करता विचारले, ‘मावशी, मांजर कोणाचं?’ ती म्हणाली, ‘आमचंच म्हना, पन खातं सगल्या आलीत.’ मुलगा घोटाळला. मालकाच्या रकान्यात आळी कशी लिहायची? शेवटी त्याने तिचेच नाव लिहिले, तिने पदराच्या गाठीतून नोंदणीचे पैसे काढून दिले, डॉक्टरने मांजराला भूल देऊन गळाचे टोक आरपार पुढे काढले, आकडा कापला आणि उरलेला दांडा मागे ओढून घेतला. सारे दहा मिनिटांत झाले. निघताना तिने विचारले, ‘डाक्टर, याला म्हावरं कदी घालू?’ हा एक प्रश्न विचारण्याची हिंमत तिला त्या पदराच्या गाठीतल्या पैशांनी दिली होती, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते.

कोणाचे जनावर, या प्रश्नाचा घोटाळा त्या नोंद करणाऱ्या मुलाचा एकट्याचा नाही. कुत्र्यांच्या जन्मनियंत्रणाबाबतच्या २००१च्या नियमांनी सर्व कुत्र्यांची दोन वर्गांत वाटणी केली: पाळीव आणि रस्त्यावरची. पाळीव कुत्र्याचे लसीकरण, नसबंदी, परवाना हे मालकाकडे. रस्त्यावरच्या कुत्र्याचे संस्थांकडे आणि स्थानिक कारभाराकडे. २०२३च्या नव्या नियमांत रस्त्यावरच्या जनावरांना समाजाची जनावरे असेही म्हटले आहे, ही सुधारणा स्वागतार्ह होय. परंतु आमच्या किनाऱ्यावरचे कुत्रे बहुधा या दोन्ही वर्गांच्या मध्ये उभे असते. ते रात्री एका ओटीवर निजते, सकाळी दुसऱ्या घरी भाकरी खाते, होड्या लागल्या की बंदरावर जाते. आणि किहीम, आवास, नागाव या पट्ट्यात तर आणखी एक प्रकार आढळतो: बंगल्याचे कुत्रे. त्याचा मालक मुंबईस राहतो आणि शनिवारी येतो. मधले दिवस त्याला खाऊ घालतो माळी, आणि ते आजारी पडते बहुधा मंगळवारी. माळी त्याला घेऊन दवाखान्यात जातो, पदरचे पैसे भरतो, आणि गोचीड-तापाचे निदान ऐकून साहेबांना फोन लावतो. केसपेपरवर नाव कोणाचे घालायचे? ज्याच्या नावाचा परवाना त्याचे, की ज्याच्या हाताचा वास त्या कुत्र्याला ओळखीचा त्याचे?

येथे पैशाचा मुद्दा टाळता येत नाही. सधन माणसे अल्पदराच्या दवाखान्यात येऊन गरिबांची जागा अडवितात, सबब प्रत्येकाची ऐपत तपासावी, असे काही सज्जन सांगतात. मला हे पटत नाही. १९१७ साली लंडनच्या व्हाइटचॅपल वस्तीत मारिया डिकिन या बाईने एका तळघरात गरिबांच्या जनावरांकरिता मोफत दवाखाना काढला. त्यातून पुढे मोठी संस्था झाली, आणि पदवीधर पशुवैद्यांनी तिच्याविरुद्ध कुरकुरही पुष्कळ केली. मोफत ही तिची रीत होती, आणि त्या वस्तीच्या दारिद्र्यात ती योग्यच होती. आपल्याकडे मात्र मोफत मिळालेल्या गोष्टीबद्दल माणूस प्रश्न विचारीत नाही, कारण तो आपला अधिकार नव्हे असे त्याला वाटते. आणि ऐपत तपासावयाची म्हणजे आजारी जनावर हातात असलेल्या माणसाकडे दाखला मागावयाचा. त्यापेक्षा फी सर्वांना एकच, थोडी, आणि उघड असावी. बंगल्याच्या मालकास अधिक द्यावयाचे असेल तर दानपेटी आहेच. फी ही दवाखान्याच्या मिळकतीपेक्षा मालकाच्या अब्रूकरिता अधिक आवश्यक आहे.

स्वस्ताईला मर्यादा असतात, आणि त्या लपविण्यात कोणाचेच हित नाही. गोचीड-तापाच्या कुत्र्याचे रक्त तपासायला सोय नसेल तर डॉक्टर लक्षणांवरून औषध देतो, आणि ते बहुधा लागूही पडते. पण ‘हा अंदाज आहे, चार दिवसांत उतार नसेल तर रक्त तपासून घ्या’ हे वाक्य उच्चारायला यंत्र लागत नाही. ते न उच्चारल्यामुळे कुत्रे गेले तर मालक म्हणतो, फुकटच्या दवाखान्यात मेले. उच्चारले असते तर म्हणाला असता, प्रयत्न केला.

नसबंदीची अट हा आणखी एक सल आहे. काही संस्था सांगतात, मादीची शस्त्रक्रिया करून घ्याल तरच पुढील उपचार करू. हेतूबद्दल मला शंका नाही. कार्तिकानंतर आळीआळीत पिल्लांचे जे होते ते ज्याने पाहिले आहे त्याला शंका उरूच नये. परंतु वेदनेने कण्हणारे जनावर ओलीस धरून मिळविलेली संमती ही संमती नव्हे. शेजारच्या गोव्यात ‘मिशन रेबीज’च्या पथकांनी सरकारच्या साहाय्याने वाड्यावाड्यांतून हिंडून, दारोदार जाऊन, जाळ्यांनी कुत्री धरून वर्षानुवर्षे लस टोचली, आणि २०२१ साली ते राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झाले. तेथे संस्था लोकांच्या दारात गेली. तिला अट घालण्याची गरज पडली नाही.

म्हणून किनाऱ्यावर असे दवाखाने आणि शिबिरे चालविणाऱ्या मंडळींना माझी विनंती अगदी लहान आहे. दरपत्रक मराठीत, ठळक अक्षरांत, दाराबाहेर लावावे. काय केले आणि काय करता आले नाही, हे दोन ओळींत मालकाच्या हाती लिहून द्यावे. आणि पुढच्या वेळी केसपेपर छापायला जातील तेव्हा मालकाच्या रकान्याखाली ‘सांभाळणारा’ असा आणखी एक रकाना घालावा. छापखाना त्याचे वेगळे पैसे घेत नाही.